पुढची काच अर्धी

अब्बा, आज दुकानात एक पेटी पुरी झाली आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी माझ्या तोंडाची टकळी काही थांबलेली नाही. फोटोच्या फ्रेमा आता मी फारशा करत नाही. नदीकाठाच्या पेट्या करते. मागची काच उंच, पुढची अर्धी, पाणी अर्ध्यापर्यंतच, आणि मागच्या काचेला टांगलेल्या कुंड्यांतून झाडं पाण्याच्या वर येतात. मुळं पाण्यात, डोकं हवेत, खाली गप्पी मासे. यवतमाळहून, पुसदहून लोक दिग्रसला येऊन घेऊन जातात. "हे कुठून शिकल्या?" म्हणून विचारतात. मी सांगते, मोबाईलवर पाहून. हे धादांत खोटं आहे, आणि त्याच्यापायीच आज लिहायला बसले.

डॉक्टर मॅडमची पेटी आठवते ना? दवाखान्यात इंजेक्शनच्या नावानं भोकाड पसरणारी पोरं मासे पाहून गप्प बसतील, म्हणून त्यांनी तुम्हाला करायला सांगितली होती. तुम्ही जन्मभर खिडक्या आणि शोकेस केलेले, पाणी धरणारी पेटी पहिल्यांदाच. आठ दिवस खपलात. "पाणी लय हरामखोर हाये, सुईएवढी फट सोडत नाही," असं म्हणत सांधे पुन्हा पुन्हा भरलेत. त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजाला जाताना मला बजावलंत, "हात नको लावू. मी आल्यावर भरू." पण मी अठरा वर्षांची अतिशहाणी! तुम्ही यायच्या आत भरून दाखवायची हौस. भरलेली बादली पुढच्या काचेच्या कडेवर टेकवली आणि टक् झालं. वरपासून वीतभर तडा. बादली जागेवर ठेवली, फरशी पुसली, आणि फ्रेमेला खिळे ठोकत बसले. तुम्ही आलात तेव्हा मी म्हणाले, "आपोआप गेली." तुम्ही खाली बसता, तड्यावरून नख फिरवता, वरच्या कडेशी येऊन नख थांबतं, बरोबर जिथं बादली टेकली होती तिथं. तुम्ही उठता आणि म्हणता, "उन्हानं गेली असन." आपल्या दुकानात ऊन कधी येत होतं, अब्बा? तेव्हा मला वाटलं, सुटले. पुढं मी स्वतः काच कापायला लागले तेव्हा कळलं, मार कुठं बसला हे काचेवर सरळ दिसतं. तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पुढची काच खोलून तडा गेलेला वरचा भाग कापून टाकला आणि मला घेऊन अरुणावती नदीच्या काठावर गेलात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभे. "काठ पाह्य. इकडून बुटका, तिकडून उंच. आपली पेटी तशीच झाली." पेटीत लावायला ब्राह्मी तुम्ही काठावरची घ्यायला सांगितली होती, मी मात्र पाण्याखालची लुसलुशीत उपटली, दिसायला बरी म्हणून. प्लास्टिकच्या बाटल्या अर्ध्या कापून, भोकं पाडून, खडी घालून तुम्ही त्या मागच्या काचेला तारेनं टांगल्या. चार दिवसांत माझ्या ब्राह्मीची सगळी पानं सुकली. मी चिडून ती उकिरड्यावर टाकायला निघाले, तेव्हा तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडलात. "काहून फेकून राह्यली? पानं गेली तं गेली, मूळ पाह्यलं का? पाण्यातलं पान हवेत नाही टिकत. तिले नवं पान करू दे." मग तिच्यावर ओलं फडकं टाकून ठेवलंत. मी मनात हसले, म्हटलं, म्हातारा आता झाडाचा ताप उतरवतो. पंधरा दिवसांत जाड, कडक, वेगळीच पानं आली, आणि महिन्यानं बारीक पांढरी फुलं. पाण्यात बुडून असली तर ब्राह्मी फुलत नाही, हे मी तुमच्याकडून शिकले, कुठल्या मोबाईलवरून नाही.

मॅडम पेटी पाहायला आल्या. "अहो, मला तर काठोकाठ भरलेली पाहिजे होती," म्हणाल्या. मी कोपऱ्यात, मान खाली. वाटलं, आता माझं नाव निघतं. आणि तुम्ही, ज्यांच्या हातून आख्ख्या दिग्रसनं कधी काच फुटलेली पाहिली नव्हती, हात जोडून म्हणालात, "मॅडम, माह्या हातून फुटली. म्हणून अशी केली. नाही आवडली तं नवी करून देतो." मॅडम फुलं पाहत राहिल्या आणि तीच पेटी घेऊन गेल्या. त्यानंतर तुम्ही मला एक शब्द विचारला नाहीत. माझं लग्न झालं, मोडलं, मी परत आले, दुकान माझ्या हाती दिलंत, तेव्हाही नाही. अब्बा, तुमचे उपकार कसे फेडू? लोकांच्या बापानं घरं दिली, तुम्ही मला चुकल्यावर उभं राहायला जागा दिलीत. आज माझं घर त्याच अर्ध्या काचेवर चालतं.

आणि मी काय केलं? तुम्ही माझी चूक स्वतःच्या नावावर घेतलीत, मी तुमचं काम माझ्या नावावर घेतलं. आधी वाटायचं, खरं सांगितलं तर काच फुटल्याचंही सांगावं लागेल, म्हणून मोबाईल म्हणते. तेवढंच नाही. "बाई हुशार आहे" हे ऐकायला गोड वाटतं, म्हणूनही म्हणते.

उद्या कॉलेजची एक पोरगी या पेट्यांची माहिती लिहून घ्यायला येणार आहे. तिला तुमच्याबद्दल सांगणार आहे, नदी, ब्राह्मी, ओलं फडकं, सगळं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते गल्ल्यात पडून राहील. पण काच अर्धी का हे ऐकताना ती पोरगी विचारेलच, पहिली काच फुटली कोणाच्या हातून? आता एवढं लिहून झालं, तरी खरं सांगते अब्बा, उत्तर म्हणून तोंडात पहिलं तुमचंच नाव येतं, माझं नाही.