'चालेल' म्हणजे पाच तारे

स्किप्टन, शनिवार, दुपारचा चहा झाल्यावर

तीर्थरूप विनीताईच्या चरणी धाकट्या नॉरिसचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे खुर्चीत बसूनच घातलाय, तसाच मानून घे).

तुझी कंबर कशी आहे? हर्बर्टभावोजींचा खोकला गेला, की अजून व्हिटबीचे सीगल दचकून उडताहेत? इकडे सगळे खुशाल. डोरीनने हे पत्र पोस्टात पडेपर्यंत मला जेवायला वाढायचं नाही असं ठरवलंय, तेव्हा अक्षराकडे पाहू नकोस. नाताळच्या कार्डाशिवाय मी लिहितोय म्हणजे कुणीतरी गेलं, असं वाटून तू आधी शेवटचं पान पाहशील. कुणी गेलेलं नाही. आपला अबोला आहे हेही मी विसरलेलो नाही. एकोणीस वर्षांपूर्वी माझी उन्हाळ्याची सुट्टी मोडून तुझं अख्खं बाथरूम बसवून दिलं, टब, शॉवर, टाइल्स, सगळं. आणि तू दारात उभी राहिलीस, कमरेवर हात ठेवून आत पाहिलंस आणि एकच शब्द बोललीस, 'चालेल.' मी हत्यारं गोळा केली आणि चहासुद्धा न घेता निघालो. (चहा न घेता! मी किती दुखावलो असेन ते बघ.) हा विषय आज काढायचा नाही असं पक्कं ठरवून बसलो होतो. काढला. असो.

खरा विषय आपल्या ब्रायनीचा. तुझ्या भाचीने बँकेतली नोकरी सोडून 'टकटक' नावाची कंपनी काढली हे कार्डात कळवलं होतंच. फोनवर बोट टेकवलं की प्लंबर, सुतार, वायरमन दारात हजर. चाळीस वर्षं प्लंबिंग केलेल्या बापाला हे पचायला वेळ लागला (आमच्या काळी प्लंबर तीन निरोपांनंतर यायचा, तोही चुकीच्या घरी), पण पोरीने धंदा उभा केला खरा. आता तो वाढवायचा तर भांडवल हवं. बँक नुसती हसली. मग तिने इंटरनेटवर लोकांकडूनच पैसे गोळा करायला काढले. मला वाटलं, चॅपलच्या छपरासाठी करतो तशी वर्गणी असेल, म्हणून मी डबा घेऊन शेजारी निघालोसुद्धा. ब्रायनी मागून धावत आली. "बाबा, वर्गणी नाही हो, भाग! दहा पौंड टाकणारासुद्धा मालक!" मग मी कॅरव्हॅनसाठी ठेवलेले पैसे टाकले आणि दुसऱ्या दिवसापासून हात पाठीमागे बांधून मालकासारखा चालू लागलो. (डोरीन म्हणते, पाठ धरली होती.) पैसे टाकणाऱ्याला खाली दोन शब्दांचा शेराही लिहिता येतो. पण अट मोठी वाईट आहे बघ. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत ठरलेली रक्कम भरली तर ठीक, एक पौंड कमी पडला तरी सगळ्यांचे पैसे परत, 'टकटक'ला कुलूप, आणि ब्रायनी लंडनला दुसऱ्या कुणाच्या तरी ऑफिसात. आणि सोमवारी गाडी निम्म्यावर येऊन जी अडली ती हलेचना. पोरगी जेवेना, बोलेना.

कारण काय, तर तारे. त्यांच्याकडे प्रत्येक कामगाराला गिऱ्हाइकाने तारे द्यायचे असतात. आता आपली माणसं कुठली तारे द्यायला! ती फक्त दोन शब्द लिहितात. म्हणून ब्रायनीच्या कंपनीतल्या कॅस्परने (कॉम्प्युटरचं तोच बघतो) असा कारभार करून ठेवला, की कॉम्प्युटर ते शब्द वाचतो आणि आपल्या मनाने तारे लावतो. कॅस्पर पोरगा गुणाचा आहे, पण सरी परगण्यातला, पार दक्षिणेकडचा. त्यांच्या घरी कुणी मिठाची डबी पुढे सरकवली तरी 'अप्रतिम!' म्हणतात. त्याने कॉम्प्युटरलाही तेच वळण लावलेलं. मी सहज आपल्या एझ्रा सग्डनचं नाव काढून पाहिलं. एझ्रासारखा प्लंबर सबंध यॉर्कशरमध्ये नाही, आणि तो यादीत तळाला, दीड तारा! शेरे वाचले. 'वाईट नाही.' 'तक्रार नाही.' 'याहून वाईट पाहिलेत.' आणि एक माझाच होता. नाताळच्या सकाळी हा माणूस बर्फ तुडवत आला, आमचा बॉयलर सुरू केला, डोरीनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मी अगदी भरल्या अंतःकरणाने लिहिलं होतं, 'ठीक.'

आणि यादीत पहिला कोण? क्वेंटिन फिच! ज्याने ईनिड पिकर्सगिलच्या घरी गरम पाण्याचा पाइप संडासच्या टाकीला जोडला, तोच. ईनिडने लिहिलं होतं, 'धाडसी माणूस. असं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. शेजाऱ्यांना मुद्दाम बोलावून दाखवलं.' कॉम्प्युटरने खूश होऊन पाचच्या पाच तारे दिले. भांडवल टाकायला आलेली बाहेरगावची माणसं बिचारी हेच पाहत होती: फिच नावाचा एक देवमाणूस आणि बाकी सगळे भामटे. कोण पैसे टाकेल?

मंगळवारी मी बोलिंग क्लबात सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, ब्रायनीसाठी एकदाच, मोकळेपणाने, तोंड भरून कौतुक लिहा. भर सभेत माझी पँट उतरल्यासारखे सगळे छताकडे पाहू लागले. ईनिडने प्रयत्न केला हं. पेन घेतलं, 'एझ्राचं काम उत्कृ' इथपर्यंत आली आणि तिला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. एझ्रा तर उठून उभाच राहिला. "नॉरिसकाका, माझ्याबद्दल असलं काही लिहिलंत तर मी गाव सोडून जाईन!" झालं, सभा बरखास्त.

माणसं बदलत नाहीत म्हटल्यावर उरला कॉम्प्युटर. बुधवार-गुरुवार मी कॅस्परशेजारी दुभाष्या होऊन बसलो. तो शब्द वाचायचा, मी तारे सांगायचो. 'वाईट नाही'? पाच. 'बरं आहे'? साडेचार. 'काहीतरी वेगळंच'? एक, आणि वकील बघा. 'हं'? कुठल्या सुरात ते ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही. (तीन ठरले.) असं करत करत आम्ही 'चालेल'पाशी आलो. कॅस्पर म्हणाला, "काका, याला अर्धा देऊ?" मी खेकसलोच, "अर्धा? अरे पाच! आमच्यात याच्यावर शब्द नाही! आमच्या वडिलांनी डोरीनला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हेच म्हणाले होते, आणि आईने त्या आनंदात ठेवणीतल्या कपबश्या काढल्या होत्या!" आणि बोलता बोलता तुझ्या बाथरूमचं दार आठवलं आणि माझं तोंड उघडंच राहिलं. कॅस्परने घाबरून चहा हवा का विचारलं. मी हो म्हणालो. काहीतरी म्हणायला हवंच होतं.

शुक्रवारी सकाळी तारे पालटले. एझ्रा वर, फिच शून्यावर (तो म्हणतो, मशीन बिघडलंय). आणि पैसे सुरू झाले गं! अकरा वाजता थोडे कमी, साडेअकराला अगदी थोडे, पावणेबाराला पुन्हा अडलं. ब्रायनी नखं खातेय, डोरीन स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटतेय, आणि बाराला चार मिनिटं असताना कुणीतरी नाव न देता राहिलेली सगळी रक्कम टाकली. भरलं! ब्रायनीने मला उघड्या खिडकीसमोर मिठी मारली, रस्त्यावरच्या लोकांनी पाहिलं, मला काही वाटलं नाही. एझ्रा दारात येऊन म्हणाला, "वाईट नाही झालं." मग सगळे मिळून खिमा भरलेले मीट-पाय खायला गेलो. पोरगी दोन मीट-पाय जेवली.

तुझा धाकटा,
नॉरिस
('टकटक'चा मालक, दशांशचिन्हानंतर बऱ्याच शून्यांपुढचा टक्का)

ता. क. डोरीनने वाचलं आणि म्हणाली, मुद्दा राहिला. तर मुद्दा असा. शेवटच्या त्या रकमेपुढे नाव नव्हतं, पण गाव होतं, व्हिटबी. खाली शेरा होता एकाच शब्दाचा, 'चालेल.' कॉम्प्युटरने त्यालाही पटकन पाच तारे लावले. व्हिटबीत माणसं पुष्कळ आहेत, त्यामुळे मी काही विचारत नाही.

ता. क. २. पुढच्या रविवारी येतोय. तेवढा बाथरूमचा एखादा नळ मुद्दाम सैल करून ठेव, आणि फार गळतोय असं भावोजींना आधीच सांगून ठेव. नुसता बहिणीला भेटायला आलो, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? या खेपेला चहा घेऊनच निघेन.