शिबिरातलं कार्ड

वैजू,

काल माझ्या हाताला टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय? तू ठासून सांगितलंस, "गेल्या वर्षी, कंपनीच्या शिबिरात." मी गप्प बसलो.

घेतलं नव्हतं गं. सुईच्या भीतीनं नुसता कार्डावर शिक्का मारून घेतला आणि परत मशिनवर जाऊन उभा राहिलो. तुझे आबा धनुर्वातानंच गेले, म्हणून तू ते कार्ड देवापुढं ठेवून हात जोडलेस. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं.

आज शिफ्टला जात नाही. तू पोळ्यांची कामं उरकून येशील तोवर मी भोसरीच्या त्याच दवाखान्यात असेन. डॉक्टरांना खरं सांगतो. तुला रागवायचंय तर तिथं येऊनच रागव. एकट्याला अजून भीती वाटते.

निवृत्ती