चंद्राची शिशी

४ जुलै, गुरुवार
पार्सल आलं. कुरिअरवाल्याने नेहमीप्रमाणे साकोली बसस्टँडवरून फोन करून अख्खा रस्ता विचारला. दोन शिश्या, बोटभर उंच, झाकणालाच ड्रॉपर. एकीवर चंद्र, दुसरीवर पान. औषधाचं नाव विजया. म्हणजे भांग-गांजाचंच झाड, पण आयुर्वेदाच्या चिठ्ठीवर रीतसर मिळतं. चिठ्ठी नागपूरच्या वैद्य मॅडमनी सुलोला व्हिडिओ कॉलवर पाहून दिली. जमवाजमव सगळी प्रज्ञाची. लेक नर्स असली की आईबापाने ऐकायचं असतं.

सुलोचे केमोचे सहा डोस मार्चमध्ये संपले. गाठ गेली म्हणतात. पाय मात्र जळतात. तळव्याखाली निखारे ठेवलेत म्हणते. आधीच्या गोळ्यांनी नुसत्या ओकाऱ्या.

शिश्या पाहून तिने एकच विचारलं, "यानं नशा येते का जी?"
वाचून सांगतो म्हटलं.

५ जुलै
सकाळपासून भिंग घेऊन बसलोय. एकतीस वर्षं कृषी सहायक होतो, बियाण्याच्या थैल्या वाचण्यात जन्म गेला. थैलीवर पुढे लोंबीचं चित्र असतं, एवढी सोनेरी लोंबी बापजन्मात कोणाच्या धानाच्या बांधीत आली नाही. खरं काय ते तोंडाशी शिवलेल्या टॅगवर. निळा टॅग, लॉट नंबर, उगवण किती टक्के. जिल्ह्याचे दोन झाले त्या साली बदली होऊन अड्याळला गेलो, तिथे बाजाराच्या दिवशी लोक थैली खांद्यावर घेऊन थेट माझ्या खोलीवर यायचे. "साहेब, वाचून द्या." मी वाचलं की विषय संपला.

शिशीचंही तसंच. पुढे चंद्र आणि 'शांत' असा शब्द. खरा मजकूर मागे, मुंगीएवढ्या अक्षरात. 'इंडिका-प्रधान'. वाचून हसलोच. इंडिका, सटायव्हा, दोन्ही शब्द माझ्या ओळखीचे. आपला भात ओरायझा सटायव्हा, त्यातला इकडचा प्रकार इंडिका. म्हणजे भातात इंडिका ही सटायव्हाच्या पोटातली. इथे मात्र दोघी सवती. सटायव्हा म्हणे तरतरी आणते, इंडिका सुस्ती. पाहू.

खाली टीएचसी आणि सीबीडी, मधे १:१. प्रज्ञाला फोन. "बाबा, टीएचसीने डोकं चढतं, सीबीडीने नाही. चंद्रात दोन्ही सारखे आहेत. पानाच्या शिशीत सीबीडीच जास्त." म्हणजे टॅग सापडला.

७ जुलै
कंपनीच्या पानावर तक्ता आहे. आज कसं वाटायला हवं? शांत, ताजंतवानं, एकाग्र, आनंदी. ज्याला जे हवं त्याने ती शिशी उचलावी. गंमत वाटली. वहीत उतरवून घेतला आणि सुलोला वाचून दाखवला. यातलं तुला काय पाहिजे?

"मले मांडी घालून घंटाभर बसता आलं पायजे. अन् अक्षर दिसलं पायजे. बस."
असा रकाना तक्त्यात नाही.

२१ला आषाढ पौर्णिमा, वर्षावास सुरू. विहारात तीन महिने रोज संध्याकाळी सातला ग्रंथवाचन. अकरा वर्षं सुलो वाचते. पंचशील तीच म्हणवून घेते, मग वाचन. मागच्या वर्षी आजार निघाला आणि मधेच सुटलं. यंदा नाही सोडणार म्हणते. खुर्ची घे म्हटलं तर माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला.

८ जुलै
पुन्हा विचारलं तिने. "वाचलं का? नशा येते का?"

मी म्हटलं, पानात नाही.

"अन् चंद्रात?"

पानाचे थेंब दिवसा, चंद्राचे दोन थेंब रात्री झोपताना, असं मॅडमनी लिहिलंय. दोन थेंबांनी कसली आलीय नशा. आणि खरं सांगितलं तर ती शिशीला हातही लावणार नाही. नशा करणार नाही, हे पाचवं शील लोकांकडून म्हणवून घेणारी बाई. चार महिने धड झोप नाही तिला. डोळे आत गेलेत.

"त्यातही नाही," म्हटलं.
तिने लगेच थेंबांसाठी जीभ वर केली. माझ्यावर भरवसा आहे. लिहिताना बरं वाटत नाहीये, पण तिला झोप लागू दे.

१२ जुलै
झोपली! चार दिवस झाले, सकाळी साडेपाचपर्यंत. आज चहा तिने केला. पाय दिवसा जळतातच, पण चेहरा वेगळा दिसतो. मी उगाच दोनदा अंगणात जाऊन आलो. इतका आनंद रिटायरमेंटच्या दिवशीही झाला नव्हता.

वही आखलीय: तारीख, शिशी, थेंब, वेळ, काय व्हायला हवं, जेवणाआधी की नंतर, पाय (दहापैकी), झोप, तोंड कोरडं पडलं का. सुलो म्हणते, "मी काय तुमचा प्लॉट आहे का जी?"

१६ जुलै
वैद्य मॅडमशी बोलणं. माझ्याकडे अकरा प्रश्न लिहून तयार. इंडिका म्हणजे झोप हे नक्की का? त्या हसल्या. "काका, ती नावं झाडाच्या ठेवणीवरून पडली. परिणाम नावावरून ठरत नाही. आकडे बघा, लॉटचा रिपोर्ट बघा, आणि सगळ्यात जास्त पेशंटकडे बघा." तोच थेंब एकाला पेंग आणतो, दुसऱ्याला घाबरं करतो. रिकाम्या पोटी जोरात लागतो. वाढवायचा तर त्यांना विचारून, एकेक थेंब, मधे तीन दिवस ठेवून.

मला पटलं. मीही हेच सांगायचो. हलका धान की भारी धान, लवकर येणारा की उशिरा, हे थैलीला विचारू नका, तुमच्या बांधीत पाणी किती दिवस राहतं ते सांगा. लोक तरी शेजाऱ्याने पेरलं तेच पेरायचे.

वासाचंही विचारलं. झाडातली सुगंधी द्रव्यंही काम करतात म्हणे, कोणती किती ते रिपोर्टात असतं. शिशी हुंगली. पावसात भिजलेल्या धानाच्या तणसाचा वास. सुलो म्हणाली मला तर काहीच वास येत नाही. केमोनंतर तिचं नाक तसंच आहे, हे मी विसरलोच होतो.

१९ जुलै
परवा पौर्णिमा. आज घरीच मांडी घालून पाहिली तिने. बारा मिनिटं. मग पाय सोडले आणि भिंतीकडे तोंड करून बसली. पानाच्या शिशीने दिवसाचं जमत नाहीये.

२१ जुलै, आषाढ पौर्णिमा
चुकलं. माझंच चुकलं.

साडेपाचला चंद्राची शिशी काढली. दोनाचे चार थेंब दिले. मॅडमला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या. सुलोचं पोट रिकामं, वाचन झाल्याशिवाय ती जेवत नाही. "हे कायले आता?" म्हणाली. पाय बरे राहतील म्हटलं.

पाय बरे राहिले. विहारात पांढऱ्या साडीत ताठ बसली, मांडी घालून. पंचशील खणखणीत म्हणवलं. वाचनाला सुरुवात झाली आणि दुसऱ्या पानावर एकच ओळ तिने तीनदा वाचली. मग थांबली. मग हसली. समोर पन्नास माणसं आणि ही पानाकडे पाहून हसतेय, लहान मुलीसारखं. शेवटी अंगणवाडीतल्या वनिताबाईंनी हळूच ग्रंथ तिच्या हातातून घेतला आणि पुढे वाचू लागल्या. सुलो तशीच बसून राहिली, रिकामे हात मांडीवर.

घरी येताना माझा दंड धरून चालत होती. "मले काय झालं जी?"
अशक्तपणा आहे, म्हटलं. हे दुसरं खोटं.

२२ जुलै
दिवसभर पडून. वनिताबाई डबा घेऊन आल्या तर झोपेचं सोंग घेतलं. त्या गेल्यावर मला जवळ बोलावलं.

"खरं सांगू का? ते डोक्यात गेलं. मले अक्षरं दिसून राहिली होती, पण अर्थ लागत नोता. तिकडे केमोच्या वार्डात एक बाई होती तिचं असंच सुरू झालतं. प्रज्ञाले सांगू नका आत्ताच. फोटो काढायले नागपूरले चाला."

आजार मेंदूत गेला असं वाटतंय तिला, मेंदूचा फोटो म्हणतेय ती. ही रात्रंदिवस आपलं मरण मोजणार आणि मला माहीत आहे की ते चार थेंब होते.

तरी लगेच बोललो नाही. भात टाकायच्या निमित्ताने उठलो. हेही लिहून ठेवतो.

२३ जुलै
आधी मॅडमला फोन. चांगलं झापलं. काही तासांत आपोआप उतरतं, घाबरू नका, पण पुन्हा असं केलंत तर मी चिठ्ठी देणार नाही.

मग सुलोसमोर बसलो आणि सांगून टाकलं. चंद्रात नशेचं असतं, मला पाच तारखेपासून माहीत होतं, रविवारी मी दुप्पट दिलं.

ती म्हणाली, "म्हंजे डोक्यात नाई गेलं?"
नाही.
"नक्की?"
नक्की.

पदर तोंडाला लावून हसली, मग रडली. मलाही आवरेना. वाटलं, सुटलो.

पण मग डोळे पुसून म्हणाली, "औषध म्हणून घेतलं तर शील मोडत नाई, एवढं मले समजते. तुमी सांगतलं असतं तर मी इचार केला असता, कदाचित घेतलंही असतं. पण मले माहीत पायजे होतं ना. शील माहं आहे. तुमी काहून ठरवलं?"

तुझं दुखणं पाहवत नव्हतं म्हटलं.

"साऱ्या गावाच्या थैल्या खऱ्या वाचल्या. अन् माही शिशी खोटी वाचली."

२६ जुलै
तेल बंद, दोन्ही शिश्या बंद. पाय दहापैकी आठ, असं वहीत मी अंदाजाने लिहिलं. विचारायची हिंमत नाही. जेवायला वाढते, "घ्या" म्हणते, तेवढंच. विहारात वनिताबाई वाचतात.

वही चाळत बसलो. 'काय व्हायला हवं' असा रकाना मीच आखला होता आणि त्यात सगळीकडे लिहिलंय: झोप. तिने सांगितलं होतं मांडी आणि अक्षर. मी लिहिलं झोप. तिची शांत झोप मला हवी होती, कारण ती कण्हायची तेव्हा मला तिथे बसवत नव्हतं. इतका साधा घोळ एकतीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या शेतकऱ्याच्या बाबतीत केला नव्हता.

२८ जुलै
आज ती स्वतः विहारात गेली. मागे, खुर्चीवर बसली. मी बाहेर चपलांपाशी. आल्यावर म्हणाली, "वनिता बरी वाचते. घाई करते थोडी."
पाच दिवसांत सगळ्यात लांब वाक्य.

वनिताबाईंनाही सांगून आली म्हणे, रविवारी काय झालं होतं ते. सगळं. त्या काय म्हणाल्या ते विचारलं नाही.

३० जुलै, मंगळवार
दुपारची जेवणं झाली. सुलोने चंद्राची शिशी बाहेर ओट्यावर आणून माझ्यासमोर ठेवली, भिंगही.

"वाचा. मोठ्यानं. एकही अक्षर सोडू नका."

वाचलं. शांत. इंडिका-प्रधान. टीएचसी इतकं, सीबीडी इतकं, एकास एक. लॉट नंबर. कधी बनवलं, कधीपर्यंत वापरायचं. वैद्यांच्या सल्ल्यानेच घ्यावं. गुंगी येऊ शकते. 'गुंगी येऊ शकते' हे आधीही वाचलं होतं मी, याच भिंगातून.

"झालं?"
झालं.

तिने शिशी उचलून स्वतः उजेडात धरली, डोळे बारीक करून पाहिली. इतकी बारीक अक्षरं तिला दिसत नाहीत. मग माझ्याच फोनने मागच्या बाजूचा फोटो काढला, दोनदा हलला, तिसऱ्यांदा बरा आला. प्रज्ञाला पाठवला आणि माझ्यासमोर, माझं नाव घेऊन, बोलून निरोप टाकला:

"बाई, बाबानं मले वाचून दाखवलं. या कागदावर काय काय लिहिलं ते तू वाचून पाठव. मंग मी पाहीन घ्याचं का नाई."

प्रज्ञा ड्युटीवर आहे. अजून पाहिलेलं नाही. सुलो ओट्यावर बसून आहे, पाय लांब करून, फोन मांडीवर. मी आत येऊन हे लिहितोय आणि कान बाहेर आहेत.