पाणी उत्तम आहे

३ जानेवारी, सकाळी ७.
निळा मासा गेला. मी त्याला साहेब म्हणायचो, कारण दिवसभर काहीही न करता तो सगळ्यांवर डोळे वटारायचा. मला निवृत्त होऊन दोन महिने झाले, खाऱ्या पाण्याच्या टाकीला सहा आठवडे. पाण्यात दोष नाही. एकतीस वर्षं पाणी तपासायच्या लॅबमध्ये काढलेल्या माणसाच्या टाकीत पाण्याचा दोष असूच शकत नाही. मासाच नाजूक प्रकृतीचा.
संकल्प: आजपासून रोज शास्त्रीय नोंद.

९ जानेवारी.
नोंद राहून गेली. कोळंबी गेली. दुकानदाराला विचारलं. म्हणाला, काका, खारेपणा मोजता का? मापक घेऊन जा. म्हणजे विकायलाच बसलाय. मी सांगितलं, मी थेंब जिभेवर ठेवून सांगतो. त्याने मापक परत फळीवर ठेवलं. पटलं असावं.

१० जानेवारी.
टाकीचं पाणी रोज बोटभर उतरतं. वाफ होते, दुसरं काय. मी लगेच मिठाचं पाणी कालवून भर घालतो. ही म्हणाली, अहो, उडून गेलं ते तर साधं पाणी ना, मग... मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. समुद्रात गोडं पाणी कोण ओततं?

१८ जानेवारी.
पिवळा गेला. तपासाची दिशा बदलली. संशयित: फरशी पुसायचं वासाचं औषध. हॉलमध्ये बंदी घातली. ही आता नुसत्या पाण्याने पुसते. माझ्याशी काही बोलत नाही. बहिणीशी फोनवर तासभर बोलते, मी गेलो की थांबते.

२६ जानेवारी.
दोन नवे आणले होते. चार दिवसांत दोन्ही उताणे. लॅबला फोन केला. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आता माझ्या खुर्चीवर बसते. एक नमुना तपासून दे म्हटलं. ती म्हणाली, सॉरी सर, आपण बाहेरचे नमुने घेत नाही.
बाहेरचे!
तिला मीच पहिल्या दिवशी बाटली कशी धरायची ते दाखवलं होतं.

२ फेब्रुवारी.
कारण सापडलं! हिचं शिलाई मशीन. टाकीपासून चार फुटांवर. तिची बावीस वर्षांची जागा आहे ती, खिडकीजवळ, हे मला मान्य. पण हादरे थेट पाण्यात जातात. शिवाय मापं द्यायला बायका येतात, काचेला नाक लावतात, माशांना टेन्शन येतं. मशीन मागच्या बाल्कनीत हलवलं. ही म्हणाली, तिथे उजेड नाही हो, सुईत दोरा दिसत नाही. मी म्हटलं, दिवा लाव. मग म्हणाली, तुम्ही ऑफिसमधून एकटे नाही आलात, ऑफिस घेऊनच आलात. एकंदरीत कौतुकाचाच सूर.

११ फेब्रुवारी.
फक्त केशरी जोडी उरली. पट्टेवाली. तब्येत ठणठणीत. (नराने तीन दिवस काही खाल्लेलं नाही. डाएट.) काचेच्या कडेला पांढरे खडे धरलेत. ही म्हणते मीठ. मी म्हटलं, खनिजं. खरवडून पुन्हा टाकीत टाकले. वाया कशाला घालवा.
बाल्कनीत बसून हिचं डोकं दुखतं. गिऱ्हाईक बायका कमी झाल्या. शांतता वाढली. माशांना मानवेल.

२० फेब्रुवारी.
ही मुलीकडे गेली. दोन-चार दिवसांसाठी. मशीनही नेलं. दोन-चार दिवसांसाठी मशीन कोण नेतं, असं मी विचारणार होतो, पण जावई टेम्पो घेऊन आला होता, म्हणून विषय वाढवला नाही. जावई अदबीने वागला. म्हणजे बोलला नाही.
तपासाच्या दृष्टीने उत्तम. आता घरात हादरे शून्य.

२७ फेब्रुवारी.
नर गेला.
औषध नाही, मशीन नाही, बायको नाही. तरीही गेला.
वरच्या मजल्यावर कोणीतरी भिंतीला भोकं पाडतंय. तो एक मुद्दा आहे.

४ मार्च, दुपारी.
मादी कुशीवर पडली. डब्यात टाकीचंच पाणी घेऊन, तिला त्यात घालून दुकानात नेलं. दुकानदाराने आधी पाण्याचा थेंब एका काचेवर घेतला, दुर्बिणीसारखं यंत्र उजेडाकडे धरलं. बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, काका, उतरलेल्या पाण्याच्या जागी काय घालता? मी सांगितलं. तो म्हणाला, पाणी उडतं, मीठ उडत नाही काका. तुम्ही दर दिवशी थोडं थोडं मीठ वाढवत गेलात.
दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं. त्याने दुसरीकडे बघितल्यासारखं केलं.
तो पुढे म्हणाला, बाई येऊन गेल्या होत्या. जानेवारीतच. मी त्यांना हेच सांगितलं होतं. बोलल्या नाहीत का?
मी म्हटलं, विसरली असेल.
त्याने मादीला वेगळ्या भांड्यात घेतलं, थेंब थेंब साधं पाणी सोडायला लागला. मी विचारलं, जगली तर कधी न्यायला येऊ? तो मान वर न करता म्हणाला, जगली तरी परत देणार नाही.

५ मार्च.
हिला फोन केला. म्हटलं, तपास पूर्ण झालाय, निष्कर्ष लेखी पाठवतो. ती म्हणाली, तोंडी सांगा, हात मोकळे नाहीत. मागून मशीनचा आवाज येत होता.
मी म्हटलं, पाणी खारट झालं होतं.
मशीन थांबलं.
ती म्हणाली, बरं.
मग मशीन पुन्हा सुरू झालं. मी थोडा वेळ ऐकत राहिलो. फोन ठेवायचा ती विसरली असावी.