बिजलीच्या कॅरिअरवरच्या चार विटा

बाबा, काल गिंडीवरून येताना रेसकोर्सच्या भिंतीपाशी सिग्नलला टॅक्सी थांबली आणि तुमची आठवण आली. प्रेमाने आली असं म्हणणार नाही. आता तिथे घोडे पळत नाहीत. तळी खोदली आहेत, बाग करणार म्हणतात. मी ड्रायव्हरला उगाच सांगितलं, की माझ्या बाबांनी या भिंतीच्या आत कधी पाऊल ठेवलं नाही. तो तमिळमध्ये म्हणाला, "नल्ल मनुषन, मा." चांगला माणूस. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी लोक तुम्हाला न बघताच सर्टिफिकेट देतात.

पाऊल ठेवलं नाहीत ते आईमुळे. पुण्याहून बदलून इथे आलात त्या वर्षीच तिने बजावलं होतं, "घोड्यांच्या नादी लागलात तर मी माहेरी निघून जाईन." तुम्ही शपथ घेतलीत आणि पाळलीतही, पण खोड काही जाईना. मग क्वार्टर्समधल्या चार जणांना जमवून रविवारी संध्याकाळी सायकलींची डर्बी सुरू केलीत. पाण्याच्या टाकीभोवती तीन फेऱ्या. बाप मालक, पोरं जॉकी, सायकली घोडे. माझी लेडीज सायकल म्हणजे बिजली. पैज वगैरे काही नाही; जिंकणाऱ्याच्या घरी सगळ्यांना कॉफी. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून स्टुलावर उभे राहायचात आणि वर्तमानपत्राची सुरळी तोंडाला लावून शर्यतीचं वर्णन करायचात. तेव्हाचे तुम्ही मला फार आवडायचात. हे लिहायचं नव्हतं, पण खरं आहे.

खऱ्या रेसमध्ये जिंकणाऱ्या घोड्यावर पुढच्या वेळी जास्त वजन चढवतात, म्हणजे सगळे बरोबरीने पोचतात, हे तुम्हीच शिकवलंत. आपल्याकडे वजन म्हणजे विटा; गोणपाटात गुंडाळून, जुन्या ट्यूबच्या पट्टीने कॅरिअरला आवळलेल्या. किती, ते तुम्ही ठरवायचात. एकदा जिंकलं की एक, पुन्हा जिंकलं की दोन. दोनाच्या वर कधी नाही, हा नियमही तुमचाच.

मी चौदा वर्षांची होते तेव्हाचा तो रविवार. शाळेच्या पीटी टीचर मुद्दाम बघायला आल्या होत्या. सायकलिंगच्या शिबिरासाठी शाळेतून एकच नाव जाणार होतं, माझं की तुमच्या साहेबांच्या मुलाचं, ते त्या शर्यतीत ठरणार होतं. आठवडाभर मला झोप नव्हती. साहेबही आले होते. त्यांच्यासाठी तुम्ही घरातून वेताची खुर्ची आणवलीत. पुण्याच्या बदलीचा तुमचा अर्ज त्यांच्या टेबलावर होता, आणि घरात पोळ्या लाटतानाही दुसरा विषय नव्हता. तुम्ही बिजलीवर दोन विटा ठेवता. मग तिसरी. मग चौथी. शेजारच्या मामींना राहवत नाही, "पोदुम सार, कोळंद पावम्!" पुरे, पोर बिचारी. मी म्हणते, "बाबा, नियम दोनाचा आहे." तुम्ही माझ्याकडे न बघता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "घोडीला विचारून कुणी वजन ठेवतं का?" साहेब खो खो हसतात. तुम्हीही हसता.

मी अर्ध्या चाकाने हरले. शिबिराला तो गेला. तुमची बदली झाली नाही, साहेबांचीच झाली. तेलही गेलं, तूपही गेलं. पण तुम्हाला त्यातही मिरवायला सापडलं. पुढे किती वर्षं घरी आलेल्या पाहुण्यांना सांगत होतात, "चार विटा, आणि फरक अर्ध्या चाकाचा! याला म्हणतात वजनाचा अंदाज." आई खाली मान घालून वाढत राहायची. शेवटच्या आजारात हॉस्पिटलमधल्या नर्सलाही तोडक्यामोडक्या तमिळमध्ये तुम्ही तेच सांगितलंत. मी शेजारी बसून मोसंबं सोलत होते. त्या रविवारनंतर मी सायकलवर बसले नाही, हे तुमच्या कधी लक्षातसुद्धा आलं नाही.

चार विटांची गोष्ट मीही सांगत आले आहे. नवऱ्याला, ऑफिसातल्या मैत्रिणींना, मुलीला. सगळ्यांनी तुम्हाला नावं ठेवली आणि मला ते हवंच होतं. एवढा एक तुकडा मात्र मी दरवेळी गाळला. तो तुम्हाला हॉस्पिटलमध्ये सांगणार होते, पण मोसंबं सोलून झालं तरी तुमचं अंदाजाचं कौतुक संपेना. आता हे पत्र कुठे टाकणार? पेरुंगुडीच्या या घरात तुमचा साधा फोटोही मी लावलेला नाही. कपाटात साड्यांखाली ठेवून देईन.

शेवटच्या वळणावर मी पुढे होते, बाबा. चार विटा घेऊन, चांगली एक सायकलभर पुढे. समोर तुम्ही दिसलात. सुरळी तोंडाला तशीच होती, पण आवाज बंद झाला होता, आणि तुम्ही माझ्याकडे नाही, साहेबांच्या तोंडाकडे बघत होतात. तुम्हाला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तुमचा अंदाज चुकला होता. विटा कमी पडल्या होत्या. ब्रेक मी दाबला.