मागच्या बाईंची बोटं

३ जानेवारी १९९४, राजूर
पोचले एकदाची! खोली डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या मागेच. खिडकीतून शाळूचं शेत आणि त्यापलीकडे गणपतीच्या देवळाचा कळस. कौसल्या सिस्टरनं बंब पेटवून ठेवला होता. आल्या आल्या कढत पाण्यानं न्हाले. काम दोन भागांचं आहे: इथली माणसं मोतीबिंदू पार पिकेपर्यंत का थांबतात, आणि त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर किती आणि कशानं थकतात. डॉ. उमांनी चार वर्षं हे केलं. गेल्या संक्रांतीला वॉर्डातली फेरी संपवून भिंतीलगतच्या बाकावर टेकल्या, त्या उठल्याच नाहीत. त्यांचा अहवाल आता मी पुरा करायचा. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या संशोधनाची आकडेमोड केली. माझं नाव कायम शेवटी, आभारात. या वेळी पहिल्या पानावर येईल. त्रेचाळिसाव्या वर्षी का होईना.

५ जानेवारी
ऑपरेशनं इथले प्रमुख डॉ. वामन करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या सोडणं माझ्याकडे. पट्टी सोडायची, हात समोर धरायचा, बोटं किती ते विचारायचं. वर्ष काळोखात काढलेलं माणूस बोटं मोजतं, तेव्हा त्याच्या तोंडावर जे उमटतं ते बघायला मिळणं हेच केवढं! पण झुंबरबाई नावाच्या आजींनी पट्टी सुटताच विचारलं, उमाबाई कुठं हायेत? मागं त्यांच्या दुसऱ्या डोळ्याची पट्टी उमानंच सोडली होती. त्या म्हणे आधी हात शेकून घ्यायच्या. तुमचा हात लई गार हाय बाई, बेडकावानी. सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. मग दिवसभर हात पदराखाली धरून होते.

९ जानेवारी
उमाची वही वाचून काढली. प्रत्येक रोग्याच्या डोळ्याची नोंद, शेजारी त्याच्या नातवंडांची नावंसुद्धा. दर दिवसाखाली स्वतःचा थकवा, दहापैकी: सहा. आठ. नऊ. शेवटचे दोन महिने नुसते दहा. कीव यायला हवी होती. मला हेवा वाटला. मला कुणी इतकं वापरून संपवलंच नाही कधी. दुपारी डॉ. वामन सहज म्हणाले, अहवालावर आधी उमाचं नाव, खाली तुमचं. मी हो म्हणाले. जेवण गेलं नाही.

११ जानेवारी
कडूबांची पट्टी सोडली. मी दोन बोटं दाखवली; ते म्हणाले, पाच. एकाची दोन दिसतात, असं लिहायला घेतलं आणि हात थांबला. तसं असतं तर चार झाली असती. पुन्हा विचारलं. कडूबा वैतागले, डोळे तपासून राह्यल्या का शाळा घेऊन राह्यल्या? तुमची दोन, मागच्या बाईंची तीन, झाली की बराबर पाच! मी वळून पाहिलं. भिंत. बाक. कौसल्या सिस्टरनं हळूच विचारलं, कशा दिसतात बाई? बसल्या हायेत, कडूबा म्हणाले. लई थकल्यात.

१३ जानेवारी
आज चौघांच्या पट्ट्या. चौघंही पाच म्हणाले. भीती वाटली, नाही कशी. पण भीतीपेक्षाही – चौघं माझ्या खांद्यावरून पलीकडे बघून हसले. पट्टी मी सोडली. हसणं तिला.

१४ जानेवारी
संक्रांत. सिस्टरनं बाकावर तिळाचा लाडू ठेवला. तिच्यासाठी. मला नंतर, कागदात गुंडाळून. खोलीवर आले. अहवालाचं पहिलं पान पुन्हा टाइप केलं. एकच नाव, माझं. तिची वही बंबात घातली. सावकाश जळली. पाणी छान तापलं.

१५ जानेवारी
मच्छिंद्र नावाचा रोगी. मी दोन बोटं धरली. तीन, म्हणाला. सिस्टरनं विचारलं, अन् या बाईंची? तो म्हणाला, कोण्या? एकच तर बाई हायेत. मी माझा चेहरा त्याच्या नाकाशी नेला. तो माझ्यातून बघत होता – हसत होता.

१६ जानेवारी
थकवा: आठ.
असं का लिहिलं मी?
सिस्टरनं चहा एकच आणला. मला ओलांडून गेली. मी तिचं मनगट धरलं – तिनं नुसता पदर सावरला, वारं आल्यासारखा.
अहवालाचं पहिलं पान पाहिलं. नाव एकच आहे. उमाचं.

१७ जानेवारी
थकवा: दहा. बाकापर्यंत कशीबशी –
ती वही पुन्हा लिहून दिली असती. पण नातवंडांची नावं – मला एकही – मी कुणाला विचारलंच नाही –

१८ जानेवारी, सकाळ
फेरी सुरू. उमा उभी आहे, माझ्याकडे पाठ करून. बाकावर मी. कडूबा म्हणतायत, बाई आता कशा तरतरीत दिसून राह्यल्या. ती हात शेकून घेते –
दुर्गाबाई नावाच्या आजींची पट्टी सुटली. उमानं तीन बोटं धरलीत. मी मागून दोन. उजवा हात वर, म्हणून हे लिहिणं डाव्या हाताचं, वाकडं –
आजी मोजतायत. ओठ हलतायत. एक. दोन. तीन.
थांबू नका आजी. मागे बघा. अजून दोन आहेत. पाच म्हणा – आजी, पा