कूलरसमोरचा कॉम्प्युटर

पुलगाव, १२ मे २०००, संध्याकाळ

मेघाने आज ह्यांच्या कॉम्प्युटरचा बस स्पीड, म्हणजे आत माहिती पळण्याचा वेग, सहासष्टवरून त्र्याऐंशी मेगाहर्ट्झ केला आणि तापू नये म्हणून डबा उघडून कूलरसमोर ठेवला. कूलरची ती ओलसर हवा! मी ओरडलेच.

"काऊन भेतं एवढी, आई? फास्ट झाला ना!"

पुस्तकात वाचलंय मी, बस वाढवली की हार्डडिस्कशी देवाणघेवाणही वेगाने पळते, फायली खराब होतात. हे गेल्यावर उरलेला ह्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज त्याच डिस्कवर आहे, दुसरीकडे कुठेच नाही.

"बाबांचा आवाज? मले सांगतलं काऊन नाई?"

का नाही सांगितलं? बस स्पीड ठरवणारा जंपर तिनेच पूर्वीच्या जागी लावला. आता म्हणते, "बाबांचा आवाज लावून पाह्य ना, आई."

कूलर बंद आहे, तरी माझे हात गार पडलेत.